देखाव्याची घरपट्टी

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सातला,
टाउन हॉलच्या तळघरात आम्ही तिघे बसतो.
चेट पिंकम विहिरी खोदतो, डोरीन टपाल वाटते,
मी शाळेची बस चालवतो.
घरपट्टीवरच्या हरकती ऐकायला
गावाला आमच्याहून शहाणं कुणी मिळालं नाही,
किंवा जे होते ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

आज पहिली हरकत विनिफ्रेड लाबाँटेबाईंची.
वय एक्याऐंशी.
मला भागाकार यांनीच शिकवला:
बाकी उरली तर लपवायची नाही,
बाजूला लिहायची.

त्यांच्या घराचं कार्ड माझ्यासमोर आहे.
बांधकाम १९३४. खोल्या पाच, न्हाणीघर एक, छप्पर पत्र्याचं.
सगळं जुनंच, सगळं बरोबर.
फक्त तळाशी एक नवी ओळ:
देखावा, डोंगर, विस्तृत.
अधिक एक्काहत्तर हजार डॉलर.

शहरातल्या कंपनीचा पोरगा आला होता म्हणे,
अंगणात उभा राहून त्याने डोंगर अंशांत मोजला.

बाईंनी बुटांच्या खोक्यातून लाकडाची चकती काढली.
सालीखाली किड्याने कोरलेली नागमोडी अक्षरं.
‘तिथे नऊ ॲश होते. माझ्या सासऱ्यांनी लावलेले.
हिरव्या किड्याने तीन वर्षांत संपवले.
तोडायला चार हजार आठशे दिले, ही पावती.
झाडं होती तोवर डोंगर कुणाला दिसत नव्हता,
मलासुद्धा नाही.
आता नुकसानावर तुम्ही पट्टी बसवताय.’

चेट खाकरला. ‘पण बाई, घर विकायला काढलंत
तर गिऱ्हाईक देखाव्याचे पैसे मोजेल.’
‘मी विकायला काढलेलं नाही.’
‘समजा, काढलंत.’
‘समजा म्हणजे मी मेले, असंच ना?’
डोरीनने इतिवृत्तात एवढंच लिहिलं:
चर्चा झाली.

शनिवारी आम्ही जागेची पाहणी करायला गेलो.
मोऱ्यांवर उरलेला बर्फ, बाईंच्या दारात मीठ.
स्वयंपाकघरात सिंकच्या वर ती खिडकी,
आणि खिडकीत अख्खा डोंगर,
खांद्यापर्यंत पांढरा, खाली निळसर,
इतका जवळ की पाण्याचा नळ त्यातूनच आलाय असं वाटावं.
आम्ही तिघे बघत राहिलो.
चूक झाली ती तिथे.
बाईंची खुर्ची शेगडीकडे तोंड करून होती,
तिच्या पायांनी लिनोलियमला चार खळगे पडलेले.
पाठमोऱ्या बसूनच त्या म्हणाल्या,
‘झालं बघून? की याचंही मीटर चालू आहे?’

निकाल दोन विरुद्ध एक.
एक्काहत्तरचे सेहेचाळीस केले.
डोरीन म्हणत होती, शून्य करा.
मी चेटच्या बाजूने हात वर केला.
कायद्यात बाजारभाव हा शब्द आहे,
झाडांचं नाव कुठेच नाही.
शिवाय माझ्या बसचं डिझेल याच पट्टीतून येतं,
रस्त्यावरचं मीठही,
हे मी बोललो नाही, पण हात वर करताना आठवलं.

पत्र डोरीननेच नेऊन दिलं. तिचं कामच ते.
बाईंनी दारात उभ्याने वाचलं,
आणि ‘तारखेत चूक आहे’ एवढं सांगून
लाल पेनाने ती दुरुस्त केली.

मे महिन्यात तिथे नऊ रोपं दिसली,
गुडघ्याएवढी, प्रत्येकाला काठीचा आधार,
हरणांनी खाऊ नयेत म्हणून जाळी.
मी बस चालवता चालवता हिशोब करतो:
डोंगर झाकायला तीस वर्षं,
बाई एक्याऐंशीच्या, पट्टी वर्षातून दोनदा.
भाग जात नाही.

मुलं विचारतात, गाडी इथे हळू का होते.
वळण आहे, मी सांगतो.
रस्ता तिथे अगदी सरळ आहे.